सलमाबाईंचं मूळ गाव

"मूळ गाव कुठलं?" असं कुणी विचारलं की सलमाबाई आधी मनगटावरचं घड्याळ बघत आणि म्हणत, "वेळ किती आहे तुमच्याकडे?"

बहारीनला, मनाम्यातल्या आमच्या ऑफिसात रुजू होण्याआधी त्यांचा फोन आला होता. ते अस्सल साहेबी इंग्रजी ऐकून मी खुर्चीतून उठलोच आणि दोन मिनिटं नुसतं "येस मॅडम" करत राहिलो. दुसऱ्या दिवशी डोक्याला रुमाल बांधलेली एक सावळी मुलगी दारात आली. मी रुबाबात म्हणालो, "बैठो, अभी लंडन से मॅडम आनेवाली है."

"आलीय की," ती मराठीत म्हणाली. "तुम्ही कोकणातले ना? माझे अब्बा अशीच हिंदी बोलतात."

त्या धसक्यानं, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या सलमाला मी कायम सलमाबाईच म्हटलं.

त्यांचे आईवडील खेडकडचे, गिरणीत कामाला म्हणून इंग्लंडात ब्लॅकबर्नला गेलेले. सलमाबाई तिथंच जन्मल्या. "शाळेत पोरं म्हणायची, तुझ्या देशात जा. म्हटलं, कुठला तो बघू तरी. अजान ऐकू येते म्हणून इथं आले. इथले अरब मला हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातली, म्हणतात आणि तुम्ही लंडनवाली. खलास!"

मनाम्यातल्याच झिंज भागात त्यांना एक फ्लॅट फोनवर पक्का झाला. मी अनुभवी माणूस म्हणून सोबत गेलो. मालकानं त्यांना पाहिलं, मला पाहिलं, आणि फ्लॅट आधीच गेल्याचं सांगितलं. मी कानात कुजबुजलो, "ब्रिटिश पासपोर्ट दाखवा."

"घर पासपोर्टला मिळेल हो," त्या म्हणाल्या. "राहायचंय मला."

आणि त्या जिना उतरल्या. मी मात्र मालकाला दोनदा "थँक्यू सर" म्हणून मग खाली आलो. कशाबद्दल, ते अजून कळलेलं नाही.

दोन वर्षांनी अब्बा आजारी पडले, तेव्हा त्या ब्लॅकबर्नला परत निघाल्या. विमानतळावर मी म्हणालो, "चला, घरी निघालात."

"अब्बांकडे निघाले," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते, पण हसल्या.

त्याच वर्षी मी रजेवर गावी गेलो. वहिनीनं पाहुण्यांच्या कपबशीत चहा दिला. "अगं, माझा रोजचा कप दे की," मी म्हणालो. तिनं फडताळ धुंडाळलं. तो कधी फुटला, कुणालाच आठवेना. मी बशीत चहा ओतला. त्या क्षणी सलमाबाई समोर हव्या होत्या.