तात्यांचा डावा पाय

२८ मे. नवा ड्रायव्हर उद्या सकाळी येणार, म्हणून आज दुपारी ट्रकची केबिन झाडायला घेतली. परवा रेल्वेच्या मालधक्क्यावर खताची रॅक, म्हणजे अख्खी मालगाडी, लागतेय आणि एकदा रॅक लागली की पेरण्या उरकेपर्यंत आमच्याकडे कुणाला झाडलोट सुचत नाही.

सीटखालून आधी एक चप्पल निघाली, डावी. मग आणखी एक निघाली, तीही डावीच. दोन्ही जवळजवळ नव्या. त्यांच्या जोडीच्या उजव्या कधीच झिजून फेकल्या गेल्या होत्या. या गाडीवर अंबादास तात्या होते, हे सांगायला एवढं पुरे.

तात्या स्टिअरिंगवर बसले की पहिलं काम म्हणजे डाव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सारायची. उजवी पायातच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांना पहिल्यांदा तसं पाहिलं आणि मला वाटलं, चप्पल तुटलीय. नवी आणून देऊ का, असं विचारलं. ते म्हणाले, "तुटली न्हाई, वहिनी. क्लच तळपायाला बोलतो. मधी चप्पल कशाला?"

शेती माझा नवरा बघतो, ट्रक मी बघते. तात्या आमच्याकडे माझ्याही आधीपासून होते. पाथर्डीकडचे. घरची माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायची. यांनी एकाच हंगामात कोयता टाकला आणि ऊस नेणाऱ्या ट्रकला लटकले, ते ड्रायव्हर होऊनच खाली उतरले. बुटके, रुंद, खांद्यावर कायम उपरणं. गाडीत त्यांनी कधी टेप लावू दिला नाही. गाडी बोलत असताना दुसऱ्या कुणी बोलू नये, असं त्यांचं म्हणणं. एकदा नगरहून श्रीगोंद्याला जाताना मी शेजारी बसून मोबाईलवर बोलत होते, तर त्यांनी ट्रक बाजूला घेऊन उभा केला आणि माझं बोलणं संपेपर्यंत समोर बघत बसून राहिले. त्यानंतर मी त्यांच्या गाडीत फोन घेतला नाही.

क्लच नसलेले ट्रक आमच्या भागात दिसू लागले तेव्हा मालधक्क्यावर रोज त्यावरून वाद व्हायचा. गाडी स्वतःच गिअर बदलते, ड्रायव्हरला फक्त रेस आणि ब्रेक. तरुण ड्रायव्हरांना ती हवी होती. घाटातून दिवसभर क्लच मारून मांडी भरून येते, कंबर जाते, असं ते म्हणत. तात्या पोत्यांच्या थप्पीला टेकून ऐकायचे आणि शेवटी एकच वाक्य टाकायचे. "ती गाडी न्हाई, पाळना हाय. आतला मानूस झोपनारच." एकाने विचारलं, तात्या, पण गिअर आपोआप पडतो तर वाईट काय? तात्या म्हणाले, "गिअर ती टाकनार, मंग पगार बी तिलाच द्या की."

सगळे हसले. मीही हसले. तात्यांचा डावा गुडघा तोवर कामातून गेलेला होता, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

मला ते करंजी घाटात कळलं.

पाथर्डीच्या एका दुकानदाराने खताची पोती भिजून आल्याची तक्रार केली होती. पुढची खेप जाताना मी स्वतः बरोबर गेले. जुना ट्रक, पूर्ण भरलेला. नगरहून निघाल्यापासून काहीतरी वेगळं वाटत होतं, पण काय ते लक्षात येत नव्हतं. घाट सुरू होण्याआधी तात्या नेहमीप्रमाणे गिअर पाडायला लागले. उतार लागण्याआधीच गिअर पाडून ठेवायचा आणि पुढे इंजिनानेच गाडी धरायची, हा त्यांचा नियम. तेव्हा माझी नजर खाली गेली. डावा पाय हललाच नव्हता. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, रेस थोडी वाढवली आणि बरोबर त्या क्षणी दांडी सरकवली. गिअर लोण्यासारखा पडला.

"तात्या, क्लच?"

"आत्ता बोलू नका, वहिनी."

क्लच न दाबता, निव्वळ कानावर गिअर टाकत होते. मी तोंड मिटलं आणि समोरचा दांडा धरला. कानावर टाकलेला गिअर बसला तर ठीक. नाही बसला तर गाडी न्यूट्रलमध्ये, आणि मागे भरलेला माल.

दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या वळणावर खालून एसटी आली आणि तिच्या पुढे मेंढरांचा कळप रस्ताभर. तात्यांनी आणखी खालचा गिअर टाकायला दांडी काढली, नेमका तेव्हाच एसटीवाल्याने मेंढरं हटवायला हॉर्न धरला. तो सोडेचना. तात्यांना इंजिन ऐकू आलं नाही. दांडी आत जायला तयार होईना, नुसती करकरली. त्यांनी परत प्रयत्न केला, परत करकर. ट्रक सुटला.

मेंढरं कडेला झाली, एसटी अंग चोरून उभी राहिली आणि आम्ही तिला घासून गेल्यासारखे खाली निघालो. तात्या ब्रेक मारत होते, पण प्रत्येक दाबाला ब्रेकच्या हवेचा काटा खाली येत होता आणि ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास केबिनमध्ये भरला होता. पुढचं वळण मला दिसत होतं. त्याच्या कडेला दगडी कठडा होता. मला आठवतं, मी त्या वेळी देवाचं नाव घेतलं नाही, पोरांचाही विचार केला नाही. नुसती काट्याकडे बघत होते.

तात्यांनी डावा पाय क्लचवर ठेवला. पाय थरथरला, पण दाबला जाईना. मग त्यांनी डावा हात गिअरच्या दांडीवरून काढला, स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि सगळं वजन टाकून तो पाय हाताने खाली रेटला. उजव्या हातात स्टिअरिंग.

"वहिनी, दांडी धरा. तिसरा टाकायचाय. मी म्हनंन तवा पुढं ढकला."

मी दोन्ही हातांनी दांडी धरली. त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि रेस दिली. उतारावर, वळणाच्या तोंडाशी, ब्रेक सोडून रेस. ट्रक आणखी पुढे झेपावला.

"ढकला."

मी ढकलली. एकदा ठोकर लागली आणि दांडी आत गेली. त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलला. इंजिन असं ओरडलं की फुटतंय असं वाटलं, पण गाडी धरली गेली. वळण आम्ही कठड्यापासून हातभर अंतरावरून घेतलं.

खाली करंजीत हॉटेलासमोर ट्रक उभा केला. तात्या खाली उतरले नाहीत. गुडघा सरळ होत नव्हता. मी चहा आणून वर दिला आणि विचारलं, कधीपासून? गेल्या पावसाळ्यापासून, म्हणाले. डॉक्टरने क्लचची गाडी सोडायला सांगितलं होतं. ते घरी कुणाला बोलले नव्हते.

"कान हाय की अजून," ते म्हणाले. "कानावर चालतं समदं."

"आज कान कुठे होता?"

तात्यांनी चहाचा कप डॅशबोर्डवर ठेवला. मग किल्ली काढली आणि मी मागण्याआधी माझ्या हातात दिली.

"मी घरी बसू शकत न्हाई, वहिनी. शेतात ह्यो गुडघा चालत न्हाई. घरात मी चालत न्हाई. एवढं ध्यानात ठेवा, मंग काय करायचं ते करा."

पाथर्डीपर्यंतची राहिलेली खेप दुसऱ्या ड्रायव्हरला बोलावून पोचवली. तात्या त्याच्या शेजारी बसून आले. त्याने गिअर उशिरा टाकला तेव्हा फक्त डोळे मिटले.

जुना ट्रक बदलायचं आमचं आधीच ठरत होतं. मी क्लच नसलेला घ्यायचं ठरवलं. नवरा म्हणाला, एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या गुडघ्यासाठी कुणी गाडी ठरवतं का? आणि आपल्या घाटांत गिअर माणसाच्याच हातात पाहिजे. मी म्हटलं, गिअर माणसाच्या हातात होता तेव्हा काय झालं ते मी बघून आलेय. गाडी घेतली.

तात्या काठी टेकत आले. गाडीभोवती फेरी मारली, टायरवर काठी वाजवली. "बघू तर पाळना," म्हणाले. डावी चप्पल काढली, सीटखाली सारली आणि वर बसले. नवरा शेजारी बसला. आवारातून फाटकापर्यंत गाडी छान गेली. फाटकापाशी हळू करायची म्हणून तात्यांच्या डाव्या पायाने क्लच शोधला. क्लच नव्हता. होतं ते ब्रेकचं रुंद पेडल. त्याला क्लचइतका जोर लागत नाही, तेवढं त्या गुडघ्याला जमत होतं, आणि सवय तर गुडघ्याला विचारत नाही. भरलेल्या पोत्यासारखी गाडी जागीच बसली. नवऱ्याचं कपाळ काचेवर आदळलं.

"पाळना जरा जोरात हालला," तात्या म्हणाले.

पुढच्या वेळी हसू आलं नाही. फाटकाबाहेर रस्त्यावर तसंच झालं आणि मागून येणारा दूधवाला मोटारसायकलसकट आमच्या मागच्या फळीच्या इतका जवळ येऊन थांबला की त्याच्या किटल्या फळीला लागून वाजल्या. तो पोरगा पांढरा पडला होता. मी फाटकातून धावत गेले आणि तात्यांना खाली उतरायला सांगितलं. ते उतरले. मी म्हटलं, तात्या, आता नाही. एखादा मेला असता.

त्यांनी वाद घातला नाही. "उद्याचा एक दिस द्या," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी आवारात आले होते आणि केबिनमध्ये बसले होते. मी दार उघडलं. त्यांनी डाव्या घोट्याला उपरणं गुंडाळून त्याचं दुसरं टोक सीटच्या लोखंडी पायाला बांधलं होतं.

मी चिडले. कुठे गाडी कलंडली, आग लागली तर उडी कशी मारणार? त्यांनी उपरण्याचं लोंबतं टोक धरून ओढलं. गाठ सुटून उपरणं खाली पडलं. सुरगाठ होती. बैल दावणीला बांधायची गाठ आपल्या पायाला मारली, म्हणाले. मी त्यांना ती पुन्हा मारायला लावली आणि पुन्हा सोडायला लावली. डोळे मिटून सोडायला लावली. माझं समाधान होईपर्यंत ते कंटाळले.

"मास्तरीन व्हायचं हुतं तुमी," ते म्हणाले.

त्यांना घाटात पाठवायच्या आधी मी स्वतः परत शेजारी बसले. तोच करंजी घाट, भरलेला माल. उतार लागण्याआधी तात्यांनी बटण दाबून गिअर खालचाच धरून ठेवला, तो वर जाऊ दिला नाही. इंजिनाने आपलं आपण गाडी धरली. "इचारत बी न्हाई मला," ते पुटपुटले. त्याच तिसऱ्या वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या लावलेला, आमच्या बाजूला सरकलेला. माझी नजर रस्त्यावर नव्हती. ती खाली होती. तात्यांचा डावा पाय उचलला गेला आणि उपरणं ताणलं गेलं. इतकं ताणलं की घोट्याची कातडी पांढरी झाली. गाठ धरून राहिली. उजव्या पायाने त्यांनी अलगद ब्रेक घेतला, ट्रॅक्टर गेला, गाडी वळणातून बाहेर आली.

खाली आल्यावर पाय हळूहळू जागेवर बसला.

त्यानंतर तात्या ती गाडी चालवत राहिले. मालधक्क्यावर तिला पाळणाच म्हणायचे. कुणी विचारलं, तात्या, आता पगार कुणाला, तर म्हणायचे, "निम्मा तिला, निम्मा उपरन्याला." पाय किती दिवस बांधणार, सवय गेली असेल, असं मी एकदा म्हटलं. त्यांनी मान हलवली. सवय कुठे जात नाही, ती फक्त बांधून ठेवता येते, म्हणाले. आणि शेवटपर्यंत बांधत राहिले.

गेल्या महिन्यात ते घरीच वारले. सकाळी अंगणात तोंड धुताना खाली बसले, ते उठले नाहीत. मी पाथर्डीकडे जाऊन आले. त्यांच्या मुलाला त्यांच्या वस्तू न्यायला ये म्हटलं होतं. चपलांचं काय करणार, म्हणाला. बाकी काही नव्हतंच.

आज केबिन झाडताना सीटच्या पायाला उपरणं तसंच बांधलेलं सापडलं. लोंबतं टोक धरून ओढलं, सुटलं. मळकं झालं होतं. साबणाने धुतलं आणि तारेवर वाळत घातलं. चपला फेकल्या.

२९ मे. सकाळी नवा ड्रायव्हर आला. बाळू, चाळिशीचा, राहुरीकडचा. हातात चांगला अनुभव, पण सगळा क्लचच्या गाड्यांवरचा. अशा गाडीत काय, कुणीही बसेल, असं म्हणत वर चढला. मी शेजारी बसले आणि दांडा धरून ठेवला. फाटकापाशी गाडी जागीच बसली. बाळूने खाली आपल्या डाव्या पायाकडे असं बघितलं, जसं काही तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मी उतरले, तारेवरून उपरणं काढलं. उन्हाने कडक झालं होतं. परत येऊन त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हे कशाला, ताई?"

"पाय बांधायला. सुरगाठ मारता येते?"

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. येत नव्हती. मी केबिनमध्ये वाकून त्याच्या घोट्याला गाठ मारून दाखवली, त्याच्याकडून मारून घेतली, सोडवून घेतली, डोळे मिटून सोडवून घेतली. एका ओढीत सुटायला लागली तेव्हा मी जाऊन फाटक उघडलं.