दिगू, कायमचा विरोधी पक्ष

ओला चमचा साखरेच्या डब्यात घालणाऱ्यासाठी धर्मशास्त्रात प्रायश्चित्त सांगितलेलं नाही. मी शोधलं.

आमचा दिगंबर, म्हणजे दिगू, माझ्या अकोल्याच्या घरी येऊन हा अपराध दर वेळी करायचा. साखरेचे खडे व्हायचे. बायको मला बोलायची, कारण पाहुण्याला बोलता येत नाही.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं.

तक्रार मागे घेतलेली नाही.

दिगूचं अमरावतीला हार-फुलांचं दुकान. कॉलेजात आम्ही एका बाकावर. तो संस्कृतात दोनदा नापास झाला आणि दुकानात बसला. मी पास झालो आणि मास्तर झालो. जास्त नुकसान कोणाचं झालं, यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

निवडणुकीत सगळ्या पक्षांचे हार त्याच्याकडूनच जायचे.

"हार सगळ्याइले," म्हणायचा, "मत कोणाले, थे बायकोलेबी सांगत नाई."

त्याची मुलगी प्रांजली इथे अकोल्याला अ‍ॅग्री कॉलेजला आहे. दर सेमिस्टरच्या आधी बापलेक एसटीने यायचे. हॉस्टेलवर जाण्याआधी माझ्याकडे चहा, आणि चहाबरोबर प्रांजलीचं निवेदन. नियम दिगूचा: या सेमिस्टरला छंद कोणता, भीती कोणत्या पेपरची, आणि देशाबद्दल मत काय.

छंदांत आधी गिटार होती. तार तुटली, शेजारच्या खोलीने सुटकेचा निःश्वास टाकला. मग ऑनलाइन बुद्धिबळ. मग वहीत किड्यांची चित्रं, ती मात्र टिकली.

भीती एकच. स्टॅटिस्टिक्स.

एवढं दिगू मुकाट ऐकायचा. मताची पाळी आली की मांडी बदलून बसायचा. ती जे म्हणेल, त्याच्या विरुद्ध.

तिसऱ्या सेमिस्टरला ती म्हणाली, मतदान सक्तीचं करा.

"सक्तीनं घेतलं तं थे मत कायचं? थे तं वर्गणी झाली!"

अर्धा तास जुंपली. चहा दोनदा गरम केला.

चौथ्या सेमिस्टरला पोरगी विचार करून आली. सक्ती नको, म्हणाली.

"कावून नको? लोकं घरी बसतीन अन् मंग पाच वर्षं बोंबलतीन. सक्ती पायजेच."

"बाबा! मागच्या टायमाले तुमीच तं म्हणत होते, सक्ती नको!"

"म्हणत होतो. तू एवढ्या लवकर कावून मानलं?"

ती कप आपटत विसळायला गेली. मी म्हटलं, "अरे, एकदा तरी हो म्हण तिला."

"पंडत, दुकानात येणारा हरएक पुढारी म्हणते, पोरगी लय हुशार. तिची मायबी तेच म्हणते. मीबी म्हटलं तं थे विचार कायले करीन?"

शास्त्रचर्चेत आपलं म्हणणं सांगण्याआधी विरोधकाचं म्हणणं पूर्ण ताकदीने मांडावं लागतं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मी हे वर्गात वर्षानुवर्षं समजावून सांगतोय.

दोनदा नापास झालेला माणूस ते माझ्याच खुर्चीत बसून करून दाखवत होता.

पाचव्या सेमिस्टरच्या तोंडावर दिगू गेला. सकाळी, दुकानात, शेवंतीचा हार ओवताना. हार्ट अटॅक.

नंतरची दोन सेमिस्टर प्रांजली मामांबरोबर थेट हॉस्टेलवर गेली. मीही बोलावलं नाही. धीर झाला नाही.

काल एकटी आली. पाठीवर सॅक, हातात आईने दिलेला चिवडा. चहा पुढे ठेवला तर न विचारता निवेदन सुरू.

छंद: किडेच. तिसरी वही.

पेपर: स्टॅटिस्टिक्स सुटला.

मत: "काका, शिकलेल्या माणसाचं एक मत दोन धरावं. अडाण्याचं एक."

मला हे मुळीच पटलं नव्हतं. पण तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी म्हणालो, "बरोबर आहे बेटा तुझं. विचार करण्यासारखं आहे."

तिने कप खाली ठेवला.

"म्हणजे तुमाले दोन मतं अन् बाबाले एक. चालते?"

मी चिवड्याची पुडी सोडायला लागलो.

"मले तसं काई वाटत नाई, काका. मुद्दाम बोलली. पाहून राहिली होती, तुमी काय म्हणता."

मग तीच बोलत राहिली. "वर्ष झालं, मले कोणी चूक म्हणत नाई. आई हो म्हणते, मामा हो म्हणते, रूममेट हो म्हणते. कॉलेजात भाषण केलं. अर्धं मलेच पटलं नव्हतं, तरी टाळ्या! पोरीचा बाप गेला म्हणून सारे मान डोलवून राहिले. मले वाटलं, निदान तुमी…"

मी सावरून विरोध सुरू केला. मुद्दे बरे होते. आवाज मात्र सांत्वनाला आल्यासारखा निघत होता.

"काका, तुमी भांडून राहिले का समजूत काढून राहिले?"

हसली. पाया पडली. सॅक उचलून हॉस्टेलवर गेली. सोमवारपासून क्लास आहेत.

दिगू, तुझे आभार मानायचे राहिले होते.

आम्हाला मूलबाळ नाही. वर्षातून दोनदा तुम्ही बापलेक यायचात, म्हणून या घरात कोणीतरी मोठ्याने भांडायचं. ते दिवस आम्हाला सणासारखे होते. आणि काल तुझ्या पोरीने मला खोटं बोलताना पकडलं, तेही शिक्षण तुझंच.

सुखात राहा गड्या. तुला माझा आणि हिचा मनापासून नमस्कार.

एक खरं सांगतो. मला भीती वाटते.

पुढच्या सेमिस्टरला ती येईल. काहीतरी चुकीचं बोलेल, आणि तेव्हा ते मुद्दाम नसेल. आणि तिच्याकडे बघून मी पुन्हा हो म्हणेन.