पुस्तक कुणी नेलं ते सांगायचं नसतं

येमूल मॅडमचं निधन 'आकस्मिक' नव्हतं. त्यांना मारलंय.

आज वर्ष झालं. सकाळी ग्रुपवर 'आकस्मिक निधन' लिहिलेला बॅनर आला आणि माझं डोकंच फिरलं.

मॅडम आमच्या शुक्रवार पेठेतल्या शाळेच्या ग्रंथपाल. मी तिथला पीटीचा सर.

पोरांनी प्रोजेक्टमध्ये काही लिहिलं की मॅडमचा एकच प्रश्न.
"कुठून घेतलंस? खाली लिही की."
मग ते नेटवरचं असो नाहीतर आजोबांनी सांगितलेलं.

पुस्तकातल्या पानाचा फोटो हवा असेल तर अख्ख्या पानाचा काढायचा. आणि पुढच्या पानाचाही.

एका लेकराने अर्ध्याच पानाचा काढला. स्टेटसला टाकला.

त्या अर्ध्यात एका समाजाबद्दल कुणीतरी पूर्वी ओकलेली गरळ होती. ती कशी खोटी, हे लेखकाने पुढच्या पानावर लिहिलं होतं. ते कोण वाचतंय?

स्टेटस कुणाचं ते फिरता फिरता हरवलं. लायब्ररीचा शिक्का तेवढा फोटोत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमाव थेट लायब्ररीत. हातात रॉड.

"पुस्तक कुनी नेलतं? नाव सांग."

"पुढचं पान वाचलंत का तुम्ही?"

"नाव सांग म्हनलं की!"

"ते आम्ही कुणालाच सांगत नसतो. लायब्ररीचा नियम आहे."

पहिला रॉड कॉम्प्युटरवर बसला. नाव त्यातच होतं. एवढी यांची अक्कल.

दुसरा मॅडमच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय.
मी मध्ये पडलो, माझे पुढचे दात गेले.
केस धरून मॅडमना टेबलावरून ओढलं.

ते लेकरू त्याच खोलीत होतं. भिंतीकडच्या बाकावर, वर्गातल्या पोरांमध्ये.

मॅडमनी एकदाही तिकडे बघितलं नाही.

मलाच ओरडल्या, "सर, पोरांना मागच्या दारानं काढा!"

काढली. परत आलो तर मॅडम फरशीवर. डोकं फुटलेलं. पुस्तकं रक्तात.

दवाखान्यात थोडा वेळ शुद्ध आली.
"त्याला रागावू नका, सर. पुढचं पान तेवढं वाचून घ्या त्याच्याकडून."

संध्याकाळी गेल्या.

वाचून घेतलं मी. रडत रडत वाचलं त्याने.

मारणाऱ्यांतला एक जामिनावर सुटून आमच्याच चौकात चहा पितो. त्याचे हात मुळापासून उपटावेसे वाटतात. खोटं कशाला बोलू?

बॅनर करणाऱ्यांनो, 'आकस्मिक' कुठून घेतलंत? खाली लिहा की.

मी लिहितो. वरची सगळी माहिती कुठून घेतली: मी स्वतः तिथे होतो.

आणि इनबॉक्समध्ये येऊन "सर, ते पोरगं कोण ओ?" विचारणाऱ्यांनो, मला माहीत आहे. सांगणार नाही.

मॅडम, तुम्हाला श्रद्धांजली.
नाव अजून कुणाला कळलेलं नाही.