बाळाराम काकांच्या बोटीतली गादी

गादी-कुशनच्या दुकानात किस्से साचतातच. भिवंडीतल्या आमच्या दुकानाचा अर्धा साठा मात्र एकट्या बाळाराम काकांचा.

काका खारबावचे. हौसेने जुनी केबिनवाली बोट घेतली. आतल्या गादीवर काळी-हिरवी बुरशी. काकी दारातूनच परतल्या. "वास जाईल तवाच मी बसन."

त्याच दिवशी काका गादी स्कूटरला बांधून दुकानात हजर. मी म्हटलं, नवीन शिवून देतो.

"नवी कोनीबी आनील. हीच साफ करायची. ती बसली पायजे."

*

व्हिनेगर लावून ब्रशने घासली, डाग गेले. काकांनी गादी बोटीत ठेवली, खिडक्या गच्च लावल्या, दाराला कुलूप घातलं. आठवड्यात बुरशी परत!

"काका, केबिनला हवा लागू द्या."

"हवा येईल तिथून चोर पन येईल."

शेवटी खिडक्यांना जाळी बसवून घेतली.

*

पुन्हा धुतली, पण श्रावणात वाळणार कुठे? शेजारच्या यंत्रमाग कारखान्याचे चाचा म्हणाले, "इधर टांग दो. शिफ्ट खतम होने तक सूख जाएगी."

संध्याकाळी गादी कोरडी, पण सगळीकडून पांढरी लव. काका हादरले. "आता पांढरी बुरशी?"

"बुरशी नहीं, रुई है. दो दिन और रखो, रजाई बन जाएगी."

*

परत धुतली. उघडीप पडली तशी काकांनी ती जवळच पूर्णा गावात भाच्याच्या गोडाऊनवर उन्हात टाकली. वाळल्यावर परत नेताना गेटवर वॉचमनने अडवलं. आत आल्याची एन्ट्री नाही, माल बाहेर जाणार नाही.

"माल न्हाय, माझी गादी हाय."

"मग झोपून दाखवा."

काका गेटातच आडवे झाले. मागे ट्रकांची रांग लागली, तेव्हा कुठे गेट उघडलं.

*

गादी बोटीत गेली, त्या दिवशी मीही होतो. ओहोटी होती. काकी गुडघाभर पाण्यातून चालत आल्या. केबिनमध्ये वाकून गादीचा वास घेतला, हाताने दाबून पाहिली. काकांचा जीव टांगणीला.

काकींनी गादी उचलून बाजूला ठेवली आणि उघड्या फळीवर बसल्या.

"वास येतोय?" काकांनी विचारलं.

"न्हाय."

"मंग?"

"लुगडं वलं हाय माजं. येवढी खपून सुकवलीत, मी भिजवू व्हय?"

काकांनी गादी परत फळीवर अंथरली.

"बस. भिजू दे. मी परत सुकवीन."