देवाच्या पाठीवरची कलॅमिटी

मला कोणी "एवढं पुरे" म्हटलं की माझं डोकं फिरतं. ताटात भात वाढताना म्हटलं तरी फिरतं. ही खोड जन्मापासूनची नाही. ती पेणच्या कॉलेजात अकरावीच्या पहिल्या आठवड्यात लागली आणि लावणारे होते आमचे इंग्रजीचे सर.

आमच्या हमरापूर गावच्या शाळेत आम्हाला पाचवीपासून इंग्रजी होतं. म्हणजे पुस्तक होतं, इंग्रजी फारसं नव्हतं. कॉलेजात सरांनी मला उभं करून धडा वाचायला सांगितला आणि मी 'नॉलेज' हा शब्द जसा दिसला तसा, 'क्नोव्लेडगे' असा, खणखणीत आवाजात वाचला. वर्ग खो खो हसला. त्याचं मला फार वाटलं नाही, आमच्या घरात सगळेच एकमेकांना हसतात. सर मात्र हसले नाहीत. ते फार मायेनं म्हणाले, "बाळ, मराठी शाळेतल्या तुम्ही मुलींनी गाइड पाठ करावं. पास होण्यापुरतं इंग्रजी तुम्हाला पुरे."

ती माया मला अजून झोंबते. कोण ठरवणार मला किती पुरे ते? घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की रोज इंग्रजीचा एक शब्द शिकायचा, आणि तोही असा, जो पास होण्यासाठी जन्मात लागणार नाही.

आमच्या घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये गणपतीचा कारखाना होता. बाबा आणि काका तो मिळून चालवत. मूर्ती गुंडाळायला मुंबईहून रद्दीचे गठ्ठे यायचे आणि त्यातल्याच एका गठ्ठ्यात मला इंग्रजी-मराठी शब्दकोश सापडला. त्याला पुठ्ठा नव्हता, पहिली पानंही नव्हती. तो थेट 'सी'पासून सुरू होत होता. म्हणून माझ्या इंग्रजीलाही 'ए' आणि 'बी' नाहीत. त्या दोन अक्षरांत मी आजही कच्ची आहे आणि त्याबद्दल मला काडीची लाज वाटत नाही.

सकाळचं कॉलेज आटपून आले की माझ्याकडे घासकाम असायचं. साच्यातून काढलेली मूर्ती वाळली की तिच्यावर पॉलिश पेपर फिरवून ती गुळगुळीत करायची, मग तिला पांढऱ्या रंगाचा हात, मग बाकीचे रंग. दिवसभर हात प्लास्टरनं माखलेले, त्यात वही कुठे सांभाळणार? मी मूर्तीची पाठ घासून झाली की पाठीवरच खाली शिसपेन्सिलीनं त्या दिवसाचा शब्द लिहायची. पुढची मूर्ती घेतली की पुन्हा तोच शब्द. संध्याकाळपर्यंत दहा-बारा वेळा लिहून, पुटपुटून तो डोक्यात पक्का बसायचा. दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरा हात चढला की संपलं.

बाबांनी एकदा पाहिलं. ते चौथीपर्यंत शिकलेले, इंग्रजी अक्षर त्यांना एकही येत नव्हतं.

"काय लिवतेस गो?"

"शब्द."

"रंगाखाली जाईल ना?"

"जाईल."

"मग लिव," म्हणाले आणि सोंडेला आकार द्यायला परत बसले.

त्या पावसाळ्यात माझे शब्द किती घरांत पुजले गेले असतील देव जाणे. कोणाच्या घरी 'कजोल', म्हणजे गोड बोलून गळी उतरवणं. कोणाच्या घरी 'कॅलस', म्हणजे निगरगट्ट. हा शब्द मी सरांना अर्पण करून लिहिला होता. एकदा 'कॅप्रिशस', म्हणजे लहरी. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला या गोष्टीचं भारी हसू यायचं.

मग एक दिवस माझी पेन्सिल हरवली. आळस केला आणि फळीवरची काकांची कॉपिंग पेन्सिल उचलली. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लिहायची ती पेन्सिल, ओल लागली की तिची अक्षरं जांभळी होऊन फुटतात. हे मला ठाऊक होतं. रंगकाम करणाऱ्याच्या पोरीला ठाऊक नसून कसं चालेल? पण वर दोन-तीन हात रंग बसणार, कुठे फुटतंय, असं म्हणून मी लिहीत सुटले. त्या दिवशीचा शब्द होता संकट, आपत्ती या अर्थाचा. स्पेलिंग बघून मी तो 'कालामिटी' असा म्हणत होते.

त्या दिवशी सातच मूर्ती घासून झाल्या आणि त्या सातही रोह्याच्या व्यापाऱ्यानं नेल्या. तो दरवर्षी आमच्याकडून टेम्पो भरून नेई. गणेशचतुर्थीनंतर तिसऱ्या दिवशी तो मोटरसायकल दामटत आमच्या दारात आला तेव्हाच बाबांच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय.

पावसाळी हवेनं जांभळा रंग वर आला होता. सात घरांत सात गणपतींच्या मागे पिवळ्या रंगातून अक्षरं उमटली होती. सहा घरांना तो कारखान्याचा शिक्का वाटला. एकानं तर व्यापाऱ्याला म्हटलं म्हणे, शिक्का झकास आहे. पण सातवा गणपती रोह्याजवळच्या वरसे गावात एका कंपनीतल्या साहेबांच्या घरी बसला होता आणि साहेबांना इंग्रजी येत होतं. त्यातून दीड दिवसाच्या गणपतीच्या धावपळीत त्यांची आई अंगणात घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. विसर्जनाला मूर्ती उचलताना साहेबांनी मागचा शब्द वाचला आणि दोन्ही गोष्टींची गाठ मारून मोकळे झाले. आमच्या घरात इंग्रजी लिहिणारी मी एकटीच, त्यामुळे चोर शोधावा लागला नाही.

"पोरीनं येऊन म्हातारीच्या पाया पडायचं नि माफी मागायची," व्यापारी म्हणाला. "नाय तर पुढल्या वर्षी माझी गाडी तुमच्या दारात नाय लागणार."

"मागंल की, न मागून जाते कुठं?" काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "आणि तिचं कालेज आजपासनं बंद. इंग्रजीनं देव बाटवला हिनं."

मी बाबांकडे पाहिलं. ते रंगाचा हात पुसत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांचा राग परवडतो, पण ही गप्प राहण्याची सवय मला कधी परवडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं रोह्याच्या एसटीत बसलो. साऱ्या वाटेत ते मला काहीच म्हणाले नाहीत. माफी माग म्हणाले असते तर मी भांडले असते, मागू नको म्हणाले असते तर धीर आला असता. माझं कॉलेज राहणार की जाणार हे त्या घरात ठरणार होतं आणि ज्याच्या शब्दावर ठरणार तो माणूस खिडकीतून भाताची शेतं बघत होता.

वरशाच्या त्या घरी व्यापारी आधीच येऊन बसला होता. आजी खुर्चीत होत्या, हाताला प्लास्टर. त्यांचं प्लास्टर घासायला हवं होतं, असं माझ्या मनात आलंच. साहेबांनी माझ्यासमोर एक कागद धरला. त्यावर माझा शब्द.

"कलॅमिटी," ते म्हणाले. "याचा अर्थ तरी माहीत आहे का तुला?"

असा उच्चार आहे होय, असं मी मनात म्हटलं आणि तिथल्या तिथे उच्चार सुधारून घेतला. भांडण भांडणाच्या जागी.

"कलॅमिटी म्हणजे संकट," मी म्हणाले.

"आणि ते तू देवाच्या पाठीवर लिहिलंस?"

"तुम्ही त्याला विघ्नहर्ता म्हणता ना? मग संकट त्याच्या पाठीवर नाही द्यायचं तर कोणाच्या द्यायचं?"

व्यापाऱ्यानं कपाळाला हात लावला. मी आजींकडे वळले. "आजी, तुमचा पाय कशावरून घसरला?"

"शेवाळावरून गो. तुळशीपाशी किती शेवाळ झालंय, मी कधीची सांगत्येय."

"आई, विषय तो नाहीये," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मुली, तू सरळ माफी मागणार आहेस की नाही?"

  एक वाकून नमस्कार, दोन शब्द, आणि घरी जाता आलं असतं. कदाचित काकांनाही पाघळवता आलं असतं. पण मला दिसत होतं की इथे वाकले तर पुढे जो कोणी मला "पुरे" म्हणेल त्याच्यापुढे वाकावं लागेल.

"रंग फुटला ही माझी चूक," मी म्हणाले. "पेन्सिल चुकीची घेतली, काम खराब झालं. त्याची माफी मागते. आजी, तुम्हाला लागलं त्याचं मला वाईट वाटतं. पण शब्द लिहिला त्याची माफी नाही मागणार. तो मी शिकत होते."

मी आजींच्या पाया पडले, त्यांना लागलं होतं आणि त्या वयानं मोठ्या होत्या म्हणून. साहेब "उद्धट" म्हणाले. व्यापारी बाबांना म्हणाला, "बघा, हे तुमचं शिक्षण. आता माझी गाडी विसरा." बाबांनी दोघांना हात जोडले, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

परतीच्या एसटीत मी रडले. रागानं रडले, पण रडले. बाबांनी तिथे माझ्या बाजूनं एक शब्द बोलू नये? घरी काका वाट बघत असतील, उद्या पुस्तकं माळ्यावर जातील आणि हा माणूस तेव्हाही रंगाचा हात पुसत राहील, असं सगळं मनात चाललं होतं. नागोठण्याला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली. गाडी पुढे निघाल्यावर ते पहिल्यांदा बोलले.

"मला खाली बघायला लावलंस तू तिथं."

"माफी नाय मागितली म्हणून?"

"पेन्सिल चुकली म्हणून. माझ्या कारखान्यातनं फुटका रंग गेला." मग समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत म्हणाले, "शब्दाची माफी मागितली असतीस, तर कालेज मीच बंद केलं असतं. जी आपण लिवलेलं आपलं नाय म्हणते, तिला लिवायला शिकवून काय करायचं?"