मामांचा मिणमिणता दिवा

लाल उजेड फारच मिणमिणता वाटला म्हणून मी दिव्याचं बटण आणखी एकदा दाबलं, एवढाच माझा गुन्हा. पण तो घडला आमच्या हिच्या मामांच्या विहिरीत, आणि मामांसारखा माणूस सबंध महाराष्ट्रात दुसरा नसेल. कवठे महांकाळकडे, जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, तिथं हा गृहस्थ पाण्याखालचे फोटो काढायचा. फौजेत पाणबुड्या होते. पेन्शनीत आले तरी पाणी सुटलं नाही. फोकसचा दिवा घ्यायला सांगलीला गेले, तर दुकानदाराला म्हणाले, याहून कमी उजेडाचा दाखवा. आणलेला दिवा मामींच्या पिंपात बुडवायचा, तळाशी सुपारी टाकायची आणि डोक्यावर घोंगडी घेऊन बघायचं. मध्ये झगझगीत ठिपका नको, उजेड सायीसारखा पसरला पाहिजे, आणि लाल हवा, कारण लाल उजेडाला मासे बुजत नाहीत. मी हसलो की म्हणायचे, "ह्यो दिवा फोटूसाठी न्हाई, पावणं. फोटूला फ्लॅश येगळा. ह्यो कॅमेऱ्याला कुटं बघायचं ते दावण्यापुरता. लय उजेड केला की बघायचं तेच पळून जातंय."

विहिरीत एक मरळ मासोळी होती, पिल्लांचा तांबूस घोळका राखणारी. रस्ता रुंद व्हायचा होता, सोमवारी विहीर बुजणार होती. मामांना तिचा एक फोटो हवा होता, बस. महिनाभर रोज उतरून त्यांनी तिची भीती घालवली होती. नेमकी रविवारी कॅमेऱ्यावर दिवा बसवायची पट्टी तुटली, म्हणून दिवा पाण्यात धरून पायरीवर बसायचं काम माझ्याकडे आलं. मरळ हातभर अंतरावर आली. मला नीट दिसेना. मी बटण दाबलं आणि लालच्या जागी पांढराफेक झोत पडला. आई आणि पिल्लं कपारीत गेली, गाळ उसळला. फोटोत आली ती पिठाच्या गिरणीत उडावी तशी पांढरी धूळ, आणि कोपऱ्यात माझी अंगठी.

मामा वर आले. दिवा माझ्या हातातून हळूच काढून घेऊन त्यांनी विझवला. "गारठला आसाल. वर चला," एवढंच म्हणाले. स्वतः मात्र संध्याकाळपर्यंत पाण्यात थांबले. ती बाहेर आली नाही.

त्यानंतर मामा कुठल्याच पाण्यात उतरले नाहीत. परवा तिन्हीसांजेला त्या रस्त्यानं येत होतो. डांबराखाली विहीर नेमकी कुठं, ते आता आम्हा घरच्यांनाच ठाऊक. समोरून कुणी येत नसताना मी गाडीचे दिवे मंद केले. ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आवं, हे तवा करायचं हुतं."