आत्यानं न उतरवलेली अर्धशिशी

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी तनूच्या उशाशी पातेलं धरून बसले होते. पोरीला सकाळपासून ओकाऱ्या चालल्या होत्या आणि डोक्याची उजवी बाजू ठणकत होती. आत्याच्या गावाहून, उमरठहून, चुलतभाऊ सांगत होता, "झोपेतच गेली गो, कुणाला कळलं पण नाय." आई गेल्यावर मला जिनं वाढवलं ती गेली होती, आणि मी बघत होते तनूच्या उजव्या पापणीकडे. ती अजून वर होती. खोटं कशाला बोलू, आधी रडू आलंच नाही, भीती वाटली. आता माझ्यासोबत या पापणीवर लक्ष ठेवत कोण बसणार... त्या दिवशी मला तनूला सोडून जाता आलं नाही.

आत्या आमच्या भागात अर्धशिशी उतरवायची. अर्धं डोकं धरून माणसं महाड-पोलादपूरहून आदल्या संध्याकाळी तिच्याकडे येत, ओटीवर झोपत. दिवस उगवायच्या आधी आत्या त्यांना पूर्वेकडे तोंड करून बसवी, कपाळावर अंगारा ओढी आणि काहीतरी पुटपुटे. माणूस वाटेत कुणाशी न बोलता घरी जाई. नारळाखेरीज तिनं कुणाकडून काही घेतलं नाही. मी चिडवायची, "आत्या, मुंबईला दुकान टाक. चाकरमान्यांची डोकी रोजच दुखतात." ती म्हणायची, "तुझी जीभ आवरायचा मंत्र तेवढा नाय माज्याकडं."

तनू नऊ वर्षांची असताना तिला पहिल्यांदा हे दुखणं आलं. दोन-तीन दिवस डोकं दुखलं, उलट्या झाल्या. आम्ही पित्त समजून बसलो. दुखणं कमी झालं म्हणून जरा हायसं वाटतंय, तोच सकाळी तिची उजवी पापणी उघडेना. बोटानं वर केली तर बुबुळ कानाच्या बाजूला सरकलेलं, आणि तनू म्हणते, "आई, दार दोन दिसतंय." सासूबाईंनी लगेच आत्याला आमच्याकडे महाडला बोलावून घेतलं. घरचीच अर्धशिशीवाली असताना दवाखाने कशाला, असं त्यांचं म्हणणं. आत्या एसटीनं आली, पिशवी न ठेवताच तनूजवळ गेली. तिनं अंगठ्यानं पापणी वर केली, डोळा बघितला, पापणी हळूच खाली सोडली. अंगाऱ्याची पुडी तिनं काढलीच नाही.

"ही माज्या हातातली नाय. गाडी बघा, आत्ताच्या आत्ता."

सासूबाई फणकारल्या. "लोकांच्या पोरी बऱ्या करता, आणि घरच्या पोरीला मंत्र नाही?"

"घरची हाय म्हणूनच सांगते," आत्या म्हणाली.

मुंबईच्या दवाखान्यात तनूला तपासणीच्या त्या नळकांड्यात घातलं तेव्हा मी देव पाण्यात घालायचेच बाकी ठेवले होते. डॉक्टर म्हणाले, गाठ वगैरे नाही. लहान मुलांत क्वचित असं होतं. अर्धशिशीसारख्या दुखण्यामागोमाग डोळा फिरवणारी नस सुजते, पापणी पडते, डोळा वळत नाही. काही आठवड्यांत बहुतेक पूर्ववत होतं, पण पुन्हा उलटू शकतं, आणि फार वेळा उलटलं तर थोडं कायमचं मागे राहू शकतं. एवढं सगळं सांगितलं त्यांनी, माझ्या कानात राहिलं ते शेवटचं. तेव्हा डोळा आला जाग्यावर. नंतर दोनदा पडला, दोन्ही वेळा आला. दोन्ही वेळा आत्या महाडला येऊन राहिली.

पण आत्यानं त्यानंतर कुणाची अर्धशिशी उतरवली नाही. कुणी आलंच तर ती आधी उजेडात नेऊन डोळे बघायची, मग पोलादपूरच्या दवाखान्याकडे पिटाळायची. लोक म्हणाले, म्हातारीचा हातगुण गेला. एकदा मी तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "घरची हाय म्हणून मी गाडी बघा म्हटलं. लोकांची पोरं अंगारा लावून पाठवली, त्यांचं काय गो? त्यात एखाद्याचा डोळा असा व्हता का, मला आठवत नाय. कधी नीट बघितलाच नाय मी. मला लय भ्या वाटतं, बाय." मी म्हटलं, असं काही झालं नसेल. तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

या खेपेला तनूची पापणी पडली ती आत्याला अग्नी दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी. तेराव्याला आम्ही उमरठला गेलो. पापणी अर्धी वर आली होती, पण बुबुळ तसंच बाहेर. मागच्या खेपेला एवढ्या दिवसांत ते सरकायला लागलं होतं. आत्याच्या माजघरात तिचा फोटो हार घालून लावला होता. तनू त्याच्यासमोर बसली, बोटानं पापणी वर धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

"आई, आत्याआजी दोन दिसते."

मी तिचा उजवा डोळा तळहातानं झाकला. "आणि आता?"

"आता एकच."

मी हात तसाच ठेवला. तिनं माझं मनगट धरून हात हळूच बाजूला केला.

"असू दे ना," ती म्हणाली. "दोन असू दे."